मंगळवारची चाळीस मिनिटं

"ही चाळीस मिनिटं मी कापतोय," नवरा म्हणाला आणि त्यानं मंगळवारच्या चौकोनाभोवती लाल गोल काढला.

तो शहरातल्या सिग्नलच्या वेळा ठरवायचा. थांबलेलं माणूस त्याला बघवायचं नाही. घरात गाडी एक आणि जाणारे चार, म्हणून त्यानं फ्रिजवर तक्ता लावला होता. तक्त्यामुळे मुलीला चित्रकला मिळाली, त्याला स्वतःला बॅडमिंटन मिळालं आणि आठवड्याचे पाच तास वाचले. ते कुठे ठेवलेत, हे मात्र कुणाला सापडत नव्हतं.

बायकोच्या ओळीत 'सोडणे', 'आणणे' आणि मंगळवारी 'थांबणे', एवढंच. क्रीडासंकुलातल्या दवाखान्यात सासऱ्यांच्या गुडघ्याला मशीनचा शेक मिळायचा. तोवर ती बाहेर गाडीत बसते, असं तक्ता म्हणत होता.

गाडीत कुणी नसायचं. ती संकुलामागच्या पोहण्याच्या तलावात उताणी तरंगत असायची. छताच्या काचेतून ऊन खाली उतरायचं, पाण्यावर मोडायचं, पुन्हा जुळायचं. कान बुडाले की जगातले सगळे 'अगं' बंद व्हायचे. आपल्याला घर आहे, वय आहे, हे तिला दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीसारखं अधूनमधून आठवायचं. घरी येताना केस ओले असायचे. नवऱ्यानं कधी विचारलं नाही. तक्त्यात केसांना रकाना नव्हता.

"शेक द्यायला माणूस घरीच येईल," तो आता सांगत होता. "तुला थांबायलाच नको."

सासऱ्यांच्या वाटीत खीर वाढताना तिचा हात थांबला. "मला थांबायचा त्रास नाही होत."

"अगं, पण तुझाच वेळ वाचतोय."

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

सासऱ्यांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "घरी नको. माझा गुडघा हट्टी आहे, तिथल्या मशीनशिवाय कुणाचं ऐकत नाही," ते म्हणाले आणि टेबलाला धरून, कण्हत, खोलीकडे गेले. नवऱ्यानं उसासा टाकून लाल गोल खोडला.

मंगळवारी तिनं संकुलाच्या दारात गाडी उभी केली. सासरे काठी टेकत उतरले आणि खिडकीशी वाकले.

"टॉवेल घेतलास ना, सूनबाई?"

ती मागच्या सीटवरच्या पिशवीकडे वळून बघेपर्यंत ते आत गेलेसुद्धा. दवाखान्याचं दार मागे टाकून त्यांनी काठी काखेत मारली आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वरच्या टेबल टेनिसच्या खोलीकडे निघाले. गुडघा बरा होऊन आठ महिने झाले होते.