चोर घरातलाच

"कार्ड माझं आसंल, पण खर्च माझा न्हाय," खराडीच्या संभाजी तात्यांनी वकिलांना बजावलं आणि खुर्ची भिंतीला लावून बसले. पाठीमागून कुणी गेलेलं त्यांना चालत नसे.

शनिवार पेठेतल्या दिगंबर वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. बँकेनं तात्यांवर दावा लावला होता. क्रेडिट कार्डाचे, व्याजासकट एक लाख चाळीस हजार. तात्यांचं म्हणणं एवढंच की, कांद्याची जमीन कंपन्यांना विकली तेव्हापासून बँका न मागता काहीबाही पाठवतात. चार वर्षांपूर्वी असंच एक पाकीट आलं, ते त्यांनी कपाटात टाकलं. त्यानंतर आलेलं एकही पत्र त्यांनी वाचलं नाही. वाचलं की कबूल केल्यासारखं होतं, हा त्यांचा घरचा कायदा. फोनवरच्या पोरींना ते उलट गाव आणि बापाचं नाव विचारत. वसुलीला आलेल्या दोघांवर त्यांनी कुत्रं सोडलं होतं. ते चावलं नाही, तेव्हापासून कुत्रंही बँकेला फितूर झाल्याचा त्यांना दाट संशय होता.

आता ते पाकीट कपाटात नव्हतं. म्हणजे चोर घरातलाच, असं वकील म्हणाले. पोलिसात तक्रार द्या, तारखेला तिची प्रत आणा, नाहीतर पैसे भरा.

"तक्रारीत संशयिताचं नाव लागेल," ते पुढे म्हणाले. "एकच लिहा. मतदारयादी नको."

तात्यांनी घरी येऊन एकेकाला चाळलं. बायको बायडाबाई सुटली, कारण घासाघीस केल्याशिवाय ती कोथिंबीर घेत नाही आणि कार्डानं घासाघीस होत नाही. मुलगा योगेश सुटला, कारण त्याच्यात चोरी करण्याइतका उरक नव्हता. उरली सून. रूपाली त्यांच्याच जुन्या कांद्याच्या वावरात उभ्या राहिलेल्या काचेच्या कंपनीत नोकरीला होती आणि गळ्यात उघड उघड कार्ड घालून फिरत होती.

ते ऑफिसचं दार उघडायचं कार्ड आहे, त्यावर फ्रीज मिळत नाही, असं रूपालीनं शांतपणे सांगितलं. तात्यांनी तेवढंच धरलं. फ्रीजचं नाव हिच्या तोंडी आलंच कसं? तक्रारीत तिचंच नाव घालायचं ठरलं.

बायडाबाईनं भाकरीचं पीठ तसंच टाकलं. सुनेला चौकीत नेलंत तर मी बी तिच्यासंगं जाईन, मग थापा आपल्या हातानं भाकरी, असं तिनं सुनावलं. वर वकिलांनी दिलेले हिशेबाचे कागद सुनेपुढं टाकले. रूपालीनं वाचून दाखवलं. खरंच फ्रीज होता. मिक्सर, पैठणी, सोफा, महाबळेश्वरचं हॉटेल. दुकानं झाडून सगळी हडपसरची.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. हडपसरला त्यांचं एकच माणूस होतं : आनंदी, मेलेल्या धाकट्या भावाची मुलगी. चार वर्षांपूर्वीच तिला तिथल्या सर्जेराव बागायतदारांच्या घरात दिली होती. दर दिवाळीला माहेरी येते आणि दर वेळी चुलत्याच्या पायावर डोकं ठेवून रडते. एवढं रडणारं माणूस सरळ असेलच कसं?

आगाऊ निरोप न देता, चोराचे हात भरलेले असतात अशा भर जेवणाच्या वेळी, तात्या बायडाबाईला घेऊन हडपसरला थडकले. दारातूनच फ्रीज दिसला. सोफा दिसला. तात्यांनी सोफ्यावर बसायचं नाकारलं. मुद्देमालावर कसं बसायचं?

पण पानावरून उठून सर्जेराव स्वतः पुढे आले. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि तात्यांच्या पायाला हात लावला. मागून घरातली सगळी माणसं रांगेनं वाकली. आनंदीनं देव्हाऱ्यातून एक जाड, सोनेरी काठाचं लाल पाकीट आणलं. त्यात ते कार्ड होतं, हळदीकुंकू लावलेलं, आणि बँकेनं धाडलेली पिन नंबरची चिठ्ठी.

"तात्या, माझ्या लग्नात भावकीनं शंभरावर भागवलं," ती म्हणाली. "बापामागं तुम्हीच एकट्यानं एवढा आहेर केला आन् कधी शब्दानं बोलून दाखवला न्हाय. वर एकशे एक रोख घातले व्हते, ते आम्ही ग्रामदैवताला वाहिले."

तात्यांना मांडव आठवला. आहेर द्यायला ते उठले होते आणि नोटा नुसत्या हातावर ठेवायची लाज वाटत होती. कपाटातलं ते चकचकीत पाकीट येताना खिशात टाकलेलं होतं. आत आणखी काय चिकटवलंय हे न बघता त्यांनी त्यात शंभराची एक आणि रुपयाची एक नोट सारली होती.

बायडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

सर्जेराव सांगत होते, खरं तर आमच्याच मनात पाप होतं. संभाजीराव म्हणजे चिकट माणूस, पाकिटात एकशे एकच निघणार, अशी आमच्या घरात पैज लागली होती. सून त्या दिवशी मान वर करून या घरात आली, ती तुमच्यामुळं.

आनंदी जरा घुटमळली. गेल्या वर्षापासून दुकानदार कार्ड घेत नाहीत, बंद झालंय म्हणतात. तात्यांनी हात आखडला असेल, किती दिवस देणार, म्हणून ती गप्प राहिली होती. आमच्याकडून काही चुकलं का, एवढंच तिनं विचारलं. सगळं घर तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

तात्या सोफ्यावर ऐसपैस बसले.

"हात कुठला आखडतोय," ते म्हणाले. "माझ्या पोरीचा आहेर बंद करत्यात म्हंजे काय? बँकेला कोर्टात खेचलीय मी."