ग्रीनरूम गप्प आहे

"कार्यक्रमाला लेकीला नेऊ नकोस गं," सासूबाईंनी बजावलं होतं. "अहो आई, ग्रीनरूममध्ये तिचा बाबा आहे की!" म्हणत शाल्मली क्लॅरिनेट घेऊन निघाली होती.

आता रंगमंचावर त्या आधुनिक रचनेत तिचं क्लॅरिनेट कुकरच्या शिट्टीसारखं किंचाळत होतं, आणि प्रत्येक किंचाळीला आतून दहा महिन्यांची लेक भोकाड पसरून साथ देत होती. शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतले जाणकार मात्र डोलत होते.

"लेक तुझ्यापेक्षा सुरात आहे," पियानोवरून फरोख पुटपुटला.

मग आतला आवाज एकदम थांबला. फरोखनं सुस्कारा सोडला. शाल्मलीची नजर ग्रीनरूमच्या दाराकडे धावली. लेक गप्प झाली, की तिच्या तोंडात हमखास काहीतरी असतं, आणि बाबा बसल्याबसल्या डुलक्या काढतो. वाजवायला अजून चार पानं उरलीत.

तुम्ही दाराजवळच आहात ना? तेवढं आत डोकावून या.