बेस्तरवारची साफसफाई

तिन्हीसांज झाली तरी सावित्रीबाई काचेच्या पेटीसमोरून हलल्या नव्हत्या. सकाळपासून त्यांचा पहारा चालू होता. पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी होता, पण पहारा त्याच्यावर नव्हता, स्वतःच्या लेकावर होता.

गुरुवार म्हणजे कंपनीला सुट्टी. लेक गुरुदत्त पिंपरीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल तपासायला. सहा दिवस तपासणीचं टेबल पुसायची सवय सातव्या दिवशी घरावर उतरायची. चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत दर गुरुवारी जळमटं निघत, काचा लख्ख होत आणि सामान इकडचं तिकडे जाई. सावित्रीबाईंची पत्र्याची ट्रंक खिडकीखालून दाराआड, दाराआडून मोरीपाशी आणि शेवटी माळ्यावर गेली होती. गावाकडून, माणहून इथे राहायला आल्यापासून त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लेकाचंच घर, बोलायचं कुणाला?

कोळ्यालाही तीच शिस्त लागली होती. ताथवड्याच्या रानातून आणलेलं ते जनावर गुरुदत्त जिवापाड जपायचा. त्याचं मन रमावं म्हणून पेटीत प्लॅस्टिकचं फूल, बेअरिंगची कडी, इवलीशी शिडी. दर गुरुवारी नवी वस्तू, नवी मांडणी. कोळ्याने मात्र दीड महिना अन्नाला तोंड लावलं नाही. शेजारचा प्रभाकर म्हणे, वस्तूंनीच तो धास्तावलाय, पेटी मोकळी कर. गुरुदत्त म्हणे, मोकळ्या पेटीत तो झुरून मरेल. दोघांचा वाद मिटेना आणि कोळ्याचं पोट सुकल्या बोराएवढं झालं.

शेवटी सावित्रीबाईंना राहवलं नाही.

"तुमी दोगं बी येडं," त्या म्हणाल्या. "वस्तू ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. दर बेस्तरवारी त्याचं घर कशापायी मोडतूस? कोळ्याच्याच घरातली जळमटं काढणारा तू पयला."

त्यांनी फूल, कडी, शिडी सगळं बाहेर काढलं, परसातलं एक नळीचं कौल पेटीत पालथं घातलं आणि तीन आठवडे कुणी बोट लावायचं नाही असं बजावलं. गुरुदत्त हसला. तिसऱ्या गुरुवारीही खाल्लं नाही, तर माझ्या साफसफाईत पुन्हा बोलायचं नाहीस, असं त्याने कबूल करून घेतलं.

तो तिसरा गुरुवार आज होता. पेटीची काच धुरकट झाली होती आणि कौलाच्या तोंडाशी पांढरं जाळं दाट साचलं होतं. ते बघून गुरुदत्तचे हात शिवशिवत होते. दोनदा तो फडक्याकडे वळला, तेव्हा सावित्रीबाईंनी फडकंच मांडीखाली घेतलं.

प्रभाकर चहाचा कप घेऊनच आला. गुरुदत्तने पेटीत झुरळ सोडलं. झुरळ काचेच्या कडेकडेने फिरलं, जाळ्याजवळ आलं, थांबलं. कौलाखाली काही हललं नाही. हे चुकलं तर सावित्रीबाईंना या घरात पुन्हा कधी बोलता येणार नव्हतं.

"मी सांगत होतो," प्रभाकरने सुरुवात केली.

तेवढ्यात कौलाखालून दोन केसाळ पाय बाहेर आले. पापणी लवायच्या आत झुरळ दिसेनासं झालं. प्रभाकरचा चहा शर्टावर सांडला आणि गुरुदत्त आनंदाने लहान पोरासारखा टाळ्या पिटू लागला. या घरात आल्यापासून सावित्रीबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

कौलाआड कोळ्याचं निवांत जेवण चाललं होतं. गुरुदत्त बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग त्याने वर माळ्याकडे पाहिलं, स्टूल ओढलं, ट्रंक खाली काढली आणि पहिल्या दिवशी होती तिथे, खिडकीखाली नेऊन ठेवली.

मांडीखालचं फडकं घेऊन सावित्रीबाई उठल्या. ट्रंकेवरची धूळ त्यांनी पदराने पुसली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. मग हातातलं फडकं लेकापुढे धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "आता बाकीचं घर पूस."