विरजणाची चिठ्ठी

सुनीतीने करंगळी बुडवून दूध कोमट झाल्याचे पाहिले, मातीच्या सटातले चमचाभर दही त्यात सोडले आणि ती ढवळत असतानाच दाराची कडी वाजली.

दारात डॉक्टर श्यामकांत उभे होते. हातात नेहमीची बॅग नव्हती. झाकणाचा एक छोटा डबा होता, नुकतीच कल्हई केलेला.

"या, काका."

आई गेल्यापासून दीड वर्षात ते या घरी आले नव्हते. त्यांनी खुर्ची अशी निवडली की भिंतीवरच्या आईच्या, शकुनबाईंच्या, फोटोकडे पाठ व्हावी.

"श्यामबाजारला ट्राम सोडली आणि चालत आलो," ते म्हणाले. "बागबाजार बदललं नाही काही."

सुनीतीने पाणी आणून ठेवले. त्यांनी ते घेतले नाही.

"तुझ्या काकूला, प्रेमलताला, टायफॉइड झाला होता. नव्या गोळ्या दिल्या. आठवड्यात ताप उतरला."

"गोळ्या चांगल्याच. आईचाही उतरला होता."

"पण तेव्हापासून ती बोलत नाही, सुनीती. भिंतीकडे तोंड करून पडून असते. केसांना हात लावू देत नाही. ताट तसंच परत जातं. काल तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, शकुनवहिनींचं ताक."

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच दह्याचं दुकान आहे."

"ते गोड. दुसरीकडून आंबट आणलं, तर ओठाला लावून बाजूला सारलं. तिला बरोबर कळतं. वहिनींनी पुण्याहून आणलेलं ते विरजण... अजून आहे का?"

"आहे. सत्तावीस सालचं. आई इस्पितळात होती तेव्हाही मी लावत होते."

डॉक्टर पुढे सरकले. त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "एका विलायती मासिकात वाचलं हल्लीच. या गोळ्या रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतात म्हणे. दह्यानं ते परत येत असावेत. मनाचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही, पण पोट आणि मन यांचा काही..."

"आई सांगत होती की. 'ताप गेला गं, पण पोटात काही जिवंत राहिलं नाही, म्हणून मन कशात लागत नाही.' तुम्ही ते कागदावर उतरवून घेतलंत. खाली लिहिलंत, भ्रम. त्या कागदावर तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतलं."

"तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पोरी."

"मी सात आठवडे, ती जाईपर्यंत, रोज ताक घेऊन फाटकाशी जात होते. दरवान रोज तेच म्हणायचा. दीदी, डाक्टरबाबूंची चिठ्ठी आणा. म्हणून तुमच्या दवाखान्यात आले. आठवतं?"

डॉक्टर डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिले.

"'ताकानं वेड जात असतं, तर मी डॉक्टर कशाला, गवळी झालो असतो.' बाकावरचे सगळे पेशंट हसले. आणि तुम्ही पुढच्याला आत बोलावलंत."

तिने कागद आणि टाक-दौत त्यांच्यासमोर ठेवली.

"चिठ्ठी द्या. शकुन दत्तात्रय आगाशे यांना रोज दोन वेळा घरचे ताक द्यावे."

"आता? आता याचा काय..."

"तारीख आजची नको. एकोणीस ऑगस्ट बावन्न. मी आले होते तो दिवस."

त्यांनी टाक उचलला आणि सवयीने इंग्रजीत सुरुवात केली.

"मराठीत, काका. आईला इंग्रजी येत नव्हतं."

त्यांनी ती ओळ खोडली. खाली मराठीत लिहिले. बऱ्याच वर्षांत मराठी न लिहिलेला हात होता. अक्षरे शाळकरी मुलासारखी आली. सही करताना शाई सांडली.

सुनीतीने फुंकर घालून कागद वाळवला, फोटोच्या चौकटीत खोचला. चिठ्ठी कुठे गेली ते पाहायला डॉक्टरांना मागे वळावे लागले. वळले, आणि लगेच उठून उभे राहिले.

"डबा द्या," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने सटावरची ताटली काढली. कालचे दही घट्ट लागले होते. चमचा घातला तिथे सुरीने कापल्यासारखी कड राहिली. भरलेला चमचा तिने डब्यावर धरला. प्रेमलताकाकूंनी आईची वेणी घालून दिली होती, इस्पितळात नेण्याच्या दिवशी. त्यांना तेवढेच करता आले होते.

बाहेरून आवाज आला, "चमचाभर पुरे हं, पोरी. तेवढ्यावर मी वाढवीन."

थोड्या वेळाने तिने डबा आणून त्यांच्या हातात दिला. झाकण घट्ट बसवले होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"तुझे उपकार मी..."

"जिना अंधारा आहे. बेताने उतरा."

बेतानेच उतरू लागलेल्या पावलांचा आवाज पहिल्या वळणावर थांबला. डब्यात काहीतरी सरकले होते, कोरडे. झाकण निघाल्याचा आवाज झाला.

"सुनीती," खालून डॉक्टर म्हणाले. "यात चिमूटभर साखर आहे नुसती."

"चिठ्ठी आईच्या नावाची होती, काका." ती कठड्याशी उभी होती. "आणि आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये. आईनं कधी दिलं नाही."