पांढरी डोली

“तिला त्याच्यावर न्हाई निजवायची,” महिपती आबा म्हणाले आणि काठी आडवी धरून अंगणात उभे राहिले.

काठीच्या अलीकडे त्यांची पुतणसून सविता होती. ओसरीच्या खांबाला धरून कळा सोसत होती. पलीकडे मानसीने आणलेली डोली पडली होती. पांढरीशुभ्र, माणसाएवढी लांब, कडेला हातात धरायच्या खाचा.

मानसी भिकाजीची लेक, आंदर मावळातल्या याच वाडीतली. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात साच्यांचं काम बघायची. तिथे गाड्यांच्या बंपरमधला जुना फोम आणि मासळीच्या तशाच फोमच्या फुटक्या पेट्या वितळवून बारीक मणी करत. मणी वाफेवर चुरमुऱ्यासारखे फुलत, साच्यात एकमेकांना धरत आणि त्यातून हवी ती वस्तू घडे, हातात घेतली तर पिसासारखी. त्यातलीच ही डोली, साच्यातून निघालेली पहिली. अजून तिच्यावर कुणी निजलं नव्हतं.

एरवी वाडीतलं आजारी माणूस खाली न्यायचं ते बांबूला घोंगडी बांधून, झोळीत. झोळीला दणकट खांदे लागत, आलटून पालटून. आज खांदे होते कुठे? सविताचा नवरा कैलास आणि त्याच्या वयाचे सगळे पहिल्या पाळीला गेलेले. मागे बाया आणि म्हातारे. त्यात बाळ आडवं होतं. झोळीत अंग मुडपलं की सविताचा जीव जायची वेळ यायची. “सरळ न्यायची, कुशीवर, आणि लवकर,” आशा सेविका राजेश्वरी तिसऱ्यांदा सांगत होती. दवाखान्याची गाडी खाली बंधाऱ्यापाशी येऊन थांबली होती. तिच्या पुढे रस्ताच नव्हता.

“पांढरी फळी,” आबा म्हणाले. “वर माणूस आडवं. उताराला पाय म्होरं. सांगू का हिला काय म्हंत्यात?”

अडलेल्या बाईसमोर तो शब्द कोण काढणार?

“आबा, डोकं वर राहावं म्हणून पाय पुढं,” मानसी म्हणाली. “चौघी बाया सहज नेतील, इतकी हलकी आहे.”

“हलकी हाय म्हून तर भ्या वाटतंय. माणूस ग्येलं की घरबी हलकंच हुतं, पोरी.”

सविताने डोलीकडे पाहिलं आणि खांब आणखी घट्ट धरला. “मला न्हाई जायाचं त्याच्यावरनं, आत्याबाई. मी हितंच बरी.”

आत्याबाई म्हणजे बयाबाई, तिची सासू. आबांची धाकटी भावजय. लग्न होऊन आली तेव्हापासून थोरल्या दिरासमोर तिचा पदर कधी ढळला नव्हता, मग उलटं बोलणं तर लांबच. तिने हातातलं गरम पाण्याचं पातेलं खाली ठेवलं. पदर सारखा केला. वाकून काठीखालून पलीकडे गेली आणि डोलीवर आडवी झाली. पाय उताराकडे केले. हात छातीवर ठेवले. डोळे मिटले.

एका बाईने तोंडाला पदर लावला.

मग बयाबाईने डोळे उघडले. उठून बसली. गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. लुगड्याला काही लागलं नव्हतं, तरी झटकलं.

“उठले,” ती म्हणाली. “तिरडीवरचं माणूस उठतं व्हय, आबा?”

काठी खाली आली. सविताने खांब सोडला.

चौघींनी डोली उचलली. पुढे मानसी आणि तिची आई सरूबाई, मागे राजेश्वरी आणि बयाबाई. उचलली तेव्हा चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओझं फक्त सविताचं होतं. भातखाचरांच्या बांधावरून, करवंदीच्या जाळ्यांतून त्या उतरू लागल्या. सविता कण्हायची तेव्हा मागून बयाबाईचा आवाज यायचा, जात्यावर बसल्यासारखा संथ:

डोंगराची वाट, सये, पायाखाली धर
हाती हलका पाळणा, त्यात माझं घर

तळेगावच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. संध्याकाळी रिकामी डोली डोंगर चढून परत आली ती आबांच्या खांद्यावरून. “कुनी हात लावू नगा,” म्हणाले. “माज्याच्यानं व्हतंय.”

ती मुलगी, चैताली, आता शाळेत जाते. तशा डोल्या देशोदेशींच्या डोंगरांत गेल्या आहेत. तिकडच्या कारखान्यांतही तेच साचे बसले. डोली झिजली, तडकली की जवळच्याच कारखान्यात वितळते आणि नवी होऊन पुन्हा डोंगर चढते. ती वापरायची रीत मात्र सगळीकडे एकच, मानसीने घालून दिलेली. दुखणाइताला निजवण्याआधी नेणाऱ्यांपैकी एकाने त्याच्यासमोर तिच्यावर आडवं व्हायचं आणि उठून उभं राहायचं. तिकडच्या लोकांना वाटतं, मजबुती तपासत असतील.

परवा मानसीने बयाबाईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. नजर जाईल तिथे बर्फ. लाल जाकिटातली एक गोरी बाई पांढऱ्या डोलीवर आडवी झाली, हात छातीवर घेतले, क्षणभर तशीच राहिली. मग उठली आणि जाकीट झटकलं. बाजूला पाय मोडलेली एक तरुण मुलगी बसून ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरली.

बयाबाईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. लाल जाकीटवालीला नीट न्याहाळलं.

“लय गुणाची बाई,” ती म्हणाली. “त्या पोरीची सासू का गं?”