खंड्याची चोच

मिस्त्रींचा तेलाचा डबा आजही फळीवरच होता. साहेबांनी आल्या आल्या आधी तिकडे बघितलं, मग खिडकीतल्या पोपटाकडे. सोबत शिकणाऱ्या शिंप्याने कोरलेला तो लाकडी पोपट गेल्या मंगळवारच्या तेलाने अजून चमकत होता.

मिस्त्री कोरीवकाम शिकवायचे, पण कुणाला शाबासकी देत नसत. काम जमलं की ते डबा खाली काढायचे, फडकं बुडवायचे आणि ती वस्तू स्वतःच्या हाताने पुसायचे. बस्स. शिंप्याच्या पोपटाला ते तेल सहा आठवड्यांत मिळालं. साहेबांचा खंड्या आठ महिने कोरडाच होता. शिवाय त्याची लांब चोच लाकडाच्या रेषांना आडवी आली होती. अशी चोच मोडते, असं मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेबांनी ऑफिसातल्यासारखी मान डोलावली होती आणि कोरायला घेतलं होतं.

"साहेब, पक्षी बसलाय की आजारी आहे?" शिंप्याने विचारलं.

"बसलाय," म्हणून साहेबांनी गोल पटाशी उचलली.

विमा कंपनी, बंदर, पाटबंधारे, शेवटी परीक्षा विभाग. एवढ्या ठिकाणी नोकरी झाली, पण मजकूर नेहमी हाताखालच्या कुणाचा तरी आणि खाली सही साहेबांची. हा खंड्या मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत त्यांचा स्वतःचा होता. त्याला एकदा तेल लागू दे, एवढंच ते मनात म्हणत. शिंप्याचा पोपट खिडकीतून खाली पडू दे, असंही म्हणत.

तेवढ्यात त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, चष्मा विसरलात."

ती पिशवीत हात घालून शोधू लागली. आधी वर्तमानपत्र निघालं, मग छत्री, मग एक लाकडी चमचा. चमचा तिने घाईघाईने परत आत टाकला.

"वहिनी, बघू," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी चमचा उजेडात धरला. दांड्यावरून अंगठा फिरवत वाटीपर्यंत नेला आणि तिथे थांबवला. वाटीच्या मधोमध लाकडातली एक गाठ होती, डोळ्यातल्या बाहुलीसारखी. साहेबांनी ती लगेच ओळखली. त्या गाठीपायी त्यांनी महिन्यापूर्वी घरी तो तुकडा फेकून दिला होता. यातून साधा चमचाही निघायचा नाही, असं म्हणून. घरच्या पटाश्यांना हल्ली एवढी चांगली धार कशी राहते, तेही त्यांना आत्ता कळलं.

"कुणी केलाय?" मिस्त्रींनी विचारलं.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक.

"यांनीच," ती म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

मिस्त्रींनी डबा खाली काढला.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. फडकं दांड्यावरून फिरलं, वाटीत उतरलं. गाठ काळीभोर उठून आली. शिंपी आपलं काम टाकून बघायला आला. साहेबांनी तोंड मिटलं.

"बरेच आतल्या गाठीचे निघालात," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात जळजळ होती आणि ती साहेबांना फार गोड लागली. "किती दिवस लागले?"

"झाले असतील पंधरा-वीस."

"दोन दुपा..." बायको बोलून गेली आणि चष्म्याची काच पुसू लागली.

साहेबांनी चमचा घ्यायला उजवा हात पुढे केला. मिस्त्रींनी त्या हाताकडे जरा वेळ बघितलं आणि चमचा दिला.

"यातले सगळे काप डाव्या हाताचे आहेत, साहेब. घरी डाव्याने एवढं सुरेख करता, मग इथे उजव्याने कशाला झगडता?" त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "घ्या पटाशी डाव्या हातात. आम्हालाही बघू द्या."

बायको छताकडे बघू लागली. काच पुसणारा तिचा डावा हात थांबला.

साहेबांनी चमचा बाजूला ठेवला आणि पटाशी डाव्या हातात घेतली. शिंपी वाकून बघत होता. चोचीखालचं कुसळाएवढं लाकूड काढायचं होतं. साहेबांनी पटाशी टेकवली आणि दाबली.

टक्.

चोच खालच्या ढलप्यांत पडली.

बायको वाकली. एवढ्या ढलप्यांत तिला ती पहिल्या नजरेतच सापडली. तिने ती उजेडात धरली, उलटसुलट केली, टोकावरून अंगठा फिरवला. साहेब तिच्याकडे बघत राहिले. गाठीच्या त्या तुकड्याकडेही ती अशीच बघत बसली असणार.

"ते दे इकडे," ते म्हणाले. "माझं आहे."

"हो," ती म्हणाली. "हे तुमचंच आहे."

तिने चोच त्यांच्या तळहातावर ठेवली. मग तेलाने ओला झालेला चमचा उचलला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला.