बक्षिसाचा चेंडू

युद्ध चालूच होतं, पण म्हातारा आणि त्याचा कुत्रा तपकिऱ्या हे दोघे सैन्याच्या श्वानपथकातून निवृत्त होऊन घरी बसले होते. स्फोटकांचा वास लागला की तपकिऱ्या न भुंकता तिथेच फतकल मारायचा आणि बक्षिसाचा चेंडू मिळेपर्यंत ढिम्म हलायचा नाही. घरी आल्यापासून तो एकदाही तसा बसला नव्हता.

धाकटा मुलगा पलटणीत शिंपी होता. तो तापाने, झोपेतच गेला, असं पत्र महिन्यापूर्वी आलं. "निदान हाल तरी झाले नाहीत लेकराचे," एवढ्यावर म्हातारी दिवस ढकलत होती.

आज त्याची पेटी आली. म्हातारीने झाकण उघडलं. आत कात्री, चष्मा आणि धुऊन घडी घातलेला सदरा. तपकिऱ्या लंगडत आला, सदरा हुंगला आणि पेटीसमोर बसला. हाक मारली तरी उठेना.

"मुकं जनावर, पण सगळं कळतं हो त्याला," म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

"हो. कळतं."



म्हातारा उठला, फडताळातून चेंडू काढला आणि तपकिऱ्याच्या तोंडात दिला.